कमीत कमी बोली

शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीवरचा सिनेमा आमच्याच गावात चित्रित झाला, म्हणून पहिला खेळही आमच्याच सभागृहात लागला. पडद्यावर चर्चच्या दारात एका निराधार म्हातारीचा लिलाव चालला होता. तिला सांभाळायला जो गावाकडून सगळ्यात कमी पैसे मागेल, त्याच्या घरी ती जाणार. कुणी वर्षाला चाळीस क्रोना मागितले, कुणी तीस. बावीस म्हणणाऱ्याने तिला बर्फावरच्या घसरगाडीत घालून नेलं, तेव्हा पालिकेचे अध्यक्ष टोर्स्टन हुंदके देऊन रडले. आमच्याकडे माणूस बापाच्या अंत्यविधीलाही चारचौघांत रडत नाही. यांनी स्वतःचा रुमाल संपल्यावर बायकोचा मफलर घेतला.

नंतर कॉफीच्या वेळी ते पालिकेच्या वृद्धाश्रमातल्या सिगब्रितआजींच्या व्हीलचेअरपाशी वाकले. डोळे अजून ओलेच होते.

"काय नीच माणसं होती हो ती, आजी."

"होती खरी," आजी म्हणाल्या. "टोर्स्टन, गुरुवारी आमचा आश्रम कुठल्या कंपनीच्या हवाली केलात रे? आता आंघोळ म्हणे आठवड्यातून एकदाच."

"ज्यांचं टेंडर सगळ्यात कमी, त्यांच्या. नियमच आहे तसा." त्यांनी मफलरने नाक पुसलं. "तुम्ही नका काळजी करू. बैठकीत सगळं नीट ठरलंय."

आजींनी दालचिनीचा पाव कॉफीत बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"त्या म्हातारीला निदान लिलावाला बोलावलं तरी होतं."