पत्राची कोरी कड

कॅम्पातल्या कॅप्टनच्या शर्यतीच्या मोटारीसाठी मुंबईहून तीन मापांचे पिस्टन आले होते. नागोजी मिस्त्रीनं एकेक सिलिंडरात सोडून पाहिला. एक खडखडत होता, दुसरा शिरतच नव्हता. तिसरा बसला, पण इंजिन तापल्यावर फुगून अडकेल का, हे फटीवरूनच कळणार होतं. त्याचा मुलगा केदारी त्या फटीत पातळ कागदाची पट्टी घालून ओढायचा. ती जराशी अडत आली की माप बरोबर. केदारी आता ब्रह्मदेशात लढाईवर होता. तेवढा पातळ कागद घरात एकच: आठ महिन्यांपूर्वीचं त्याचं शेवटचं पत्र. नागोजीनं कड फाडली. पट्टी अडत अडत बाहेर आली. “कोरी कडच फाडली गं, अक्षराला हात लावला न्हाय,” तो बायकोला म्हणाला. अंबुबाई तेलकट पट्टी पदराला पुसत म्हणाली, “लिहिताना डाव्या अंगठ्यानं कागूद हितंच दाबून धरतोय न्हवं त्यो.”