रुमालाखालचा भाव

"भाव या रकान्यात काहीच नाही," कोकिळा मॅडम म्हणाल्या. त्यांनी पान उलटलं. "इथेही नाही." आणखी एक पान. "इथे तर रेघासुद्धा वाट बघून दमलेल्या दिसतायत."

सारिका समोर उभी होती. धुळ्याच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला ती एकटीच होती. तिला सर्दी झाली की अख्ख्या वर्गाला सुट्टी मिळे. त्यामुळे आज निकाल शंभर टक्के लागणार होता किंवा शून्य, आणि शेजारी बसलेले तिचे मार्गदर्शक पितांबर सर सकाळपासून शून्याच्या बाजूने घामाघूम झाले होते. प्रोजेक्टला साठच्या खाली गुण पडले की ऑनर्स गेलं. मग हातात साधी पदवी, जी गेल्या वर्षीच मिळत होती. आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, हट्टाने मागून घेतलेलं एक वर्ष पाण्यात.

आबा खाली पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसले होते. बैलबाजाराचा दिवस बुडवून.

"विषय काय, तर बैलबाजारात भाव कसा ठरतो," जळगावहून परीक्षक म्हणून आलेल्या कोकिळा मॅडम म्हणाल्या. "आणि भावच नाही. हे म्हणजे वांगं सोडून भरीत."

"भाव रुमालाखाली ठरतो, मॅडम. एकमेकांची बोटं दाबून. तिसऱ्याला कळत नाही."

"म्हणजे तुला कळला नाही."

"कळला ना. आमचे आबा सोनगीरचे दलाल आहेत. त्यांच्या जागी मी हात घातला होता."

"मग लिहायचा."

"कुणाला सांगणार नाही, या बोलीवरच हात घालू दिला."

पितांबर सर तिच्याकडे कलले. "अगं, अंदाजे टाक काहीतरी," ते कुजबुजले. "शेवटी सरासरीच काढायची असते."

"मग ती खोट्याची सरासरी होईल, सर." ती कुजबुजली नाही.

मॅडमनी गुणांचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. "पुस्तकातल्या बाजारात भाव सगळ्यांना माहीत असतो. तुझ्या बाजारातला कुणालाच नाही. असा बाजार आहे, हे मी कशावरून मानायचं?"

सारिकाने गळ्यातली ओढणी काढली आणि टेबलावरून हात पुढे केला. "हात द्या, मॅडम."

पितांबर सरांनी डोळे मिटले.

मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. "माल काय?"

"माल समोर उभा लागतो."

दोघींनी खोलीभर नजर फिरवली. कपाट भिंतीत होतं. खुर्च्यांवर कॉलेजचं नाव होतं. पितांबर सर, का कोण जाणे, उभे राहिले. बैलाचे दात कसे तपासतात यावर प्रोजेक्टमध्ये एक अख्खं प्रकरण होतं आणि ते त्यांनी स्वतः वाचलं होतं. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

ओढणीखाली हात गेले.

"बोली हजारात," सारिका म्हणाली.

सरांचा चेहरा जरा उतरला. त्यांना लाखाची आशा असावी. ओढणी हलली, थांबली, परत हलली. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि बहुतेक भाव पाडला. सारिकाने नाही म्हणून मान हलवली. शेवटी दोघी एकदम थांबल्या.

"कितीला?" सरांनी विचारलं.

मॅडमनी सांगायला तोंड उघडलं. मग सारिकाकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"नाही सांगता यायचं, सर," त्या म्हणाल्या.

"अहो, माझाच भाव आहे."

"तुम्ही माल आहात," मॅडम म्हणाल्या.

सर बसले. मॅडमनी हात मात्र बाहेर काढला नाही. त्यांचा आवाज बदलला. "आता तुझे गुण. एक बोट म्हणजे दहा."

सारिकाच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते ती घरूनच शिकून आली होती. ओढणीखाली मॅडमनी तिचा पंजा धरला. नुसता पंजा. पाच.

तिने मान हलवली.

"सारिका," पितांबर सर म्हणाले. त्यांना भाव कळला नव्हता, पण परीक्षकाला नाही म्हणणारी मुलगी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"याच्यावर जात नाही मी," मॅडम म्हणाल्या.

"मग माल घरी नेते," सारिका म्हणाली आणि हात मागे घेऊ लागली. विकणारा घेतो तसा, सावकाश. तळहाताला घाम सुटला होता, आणि तो मॅडमनाही कळत असणार.

तिची बोटं ओढणीच्या काठापर्यंत आली, तेव्हा मॅडमनी ती धरली. परत एकदा दाबली.

या वेळी तिने मान हलवली नाही.

मॅडमनी ओढणी उचलून कागदावर धरली, तिच्या आडून काहीतरी लिहिलं आणि कागद पाकिटात घालून ते चिकटवलं. "निकाल लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"ते माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या.

खाली आबा मोटरसायकलवरून उतरले. "काय झायं? कितला?"

सारिकाने वर पाहिलं. खिडकीत पितांबर सर उभे होते, अजून दोन्ही भावांची वाट बघत. सांगायचं नाही, एवढंच तिने कबूल केलं होतं. तिने फक्त हात पुढे केला.

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

तिने बोटं दाबली. आबांचा चेहरा कोराच राहिला. उभं आयुष्य त्यांनी तो तसा ठेवला होता. दुसऱ्या हातातली गाडीची किल्ली तेवढी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"परत दाब," ते म्हणाले.