सलूनची खुर्ची

गर काढायचं यंत्र आलं आणि शेडमधल्या बायकांचं दिवसभर उकिडवं बसणं सुटलं. आता सीताफळ फोडून यंत्राच्या तोंडात टाकायचं, पण ते उभ्यानं. सगुणाआत्यांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजायचे, आणि स्टुलावर बसलं तर हात पोचत नव्हता.

“उद्यापासून मी घरीच,” त्या पुतण्याला म्हणाल्या. पण रिकाम्या घरात दिवसभर बोलायचं कुणाशी, हे त्यांना सुचत नव्हतं.

सकाळी पुतण्यानं आपल्या सलूनमधली एक खुर्ची टेम्पोतून आणून यंत्रापुढे मांडली. आत्या बसल्या. त्यानं दांडी दाबली तशी खुर्ची वर चढत गेली आणि आत्यांचं कोपर यंत्राच्या तोंडाच्या उंचीला आलं. पायांनाही टेकू मिळाला.

“दाढी की कटिंग, आत्या?” शेजारच्या कुसुमनं विचारलं.

“आधी तुझी जीभ छाटू दे.”

दुपारी जेवण उरकून आत्या परतल्या, तर खुर्चीत कुसुम ऐसपैस बसलेली. उठायचं नाव घेईना.

आत्यांनी पुतण्याला फोन लावला. “आणखी खुर्ची आहे का रे?”

“एकच उरलीय, तिच्यात गिऱ्हाईक बसलंय.”

“मग दाढी झाली की त्याला उठव आणि टेम्पो काढ.”