माफीचा नमस्कार

"वाक. सरांचे पाय धर," हेडमास्तर म्हणाले.

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. कांदिवलीच्या त्या शाळेची सगळी मुलं मैदानात उभी होती आणि व्हरांड्यात शिक्षकांची रांग. रांगेच्या टोकाला सबनीस सर. त्यांचा डावा डोळा अजून सुजलेलाच होता. परवा भर वर्गात अकरावीच्या चंद्रप्रकाशनं त्यांना फळ्याशी दाबून ठोसा लगावला होता. कारण काय, तर गणित केलं नाही म्हणून उभं केलं!

शाळेची जागा चंद्रप्रकाशच्या आजोबांनी दिलेली. तेव्हा त्याचं नाव कमी करायची कुणाची छाती? सबनीसांनी अक्षरशः हात जोडले होते. "त्याला काढा, नाहीतर मला तरी तो वर्ग देऊ नका. मला भीती वाटते."

"अहो, पोर आहे ते! बाकी कुणाची कधी तक्रार नाही," हेडमास्तर म्हणाले होते. "तुमचाच वचक कमी पडतो. माफी मागेल, मिटलं."

त्यानंतर सबनीस एकटेच डबा खात होते. शिक्षकांच्या खोलीत कुणी साधी विचारपूस केली नाही. बिऱ्हाडी सांगावं तर तिथंही कुणी नव्हतं. सगळ्या शाळेत भित्रा मास्तर आपण एकटेच, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

चंद्रप्रकाश पुढे आला आणि झटकन वाकला. मार चुकवावा तसा सबनीसांचा हात आपसूक तोंडापुढे गेला. मैदानात हशा पिकला. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

"हसता काय? चंद्रप्रकाश, सगळ्या गुरुजनांना नमस्कार कर!" हेडमास्तर घाईघाईनं ओरडले.

तो शेजारच्या पद्मजाबाईंपुढे वाकला. बाईंनी हातातली पुस्तकं छातीशी आवळली आणि मान फिरवली. चित्रकलेचे काशीराम सर मागच्या भिंतीला चिकटले. ड्रिलमास्तर दशरथराव म्हणजे चांगला पहाडासारखा माणूस. त्यांचं कोपर वर आलं.

मुलांचं हसू थांबलं. सबनीस रांगेकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेला नजर द्यायला एकही जण तयार नव्हता.

शेवटी चंद्रप्रकाश हेडमास्तरांसमोर गेला. तो वाकायला लागला मात्र, हेडमास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले.