न निघणारी हळद

"हळदीनंच खाज सुटलीय गं," दंड खाजवत आई म्हणाली. माझी हळद नुकतीच आटोपली होती आणि मावश्यांनी तिलाही कपाळापासून कोपरापर्यंत माखलं होतं. तिचं पित्ताशय काढून जेमतेम पंधरवडा झालेला. पण लग्न पुढे ढकलायचं नाव काढू देईना.

मी ओल्या टॉवेलनं तिचा चेहरा पुसू लागले. टॉवेल पिवळा झाला, गाल मात्र होते तसेच राहिले.

"खाज कधीपासून आहे?"

"परवापासून."

हळद तर आज लागली होती. मी हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. डोळ्यांत कुणी हळद लावत नाही. तिचे डोळे पिवळेजर्द होते. ऑपरेशननंतर क्वचित एखाद्याची पित्ताची नळी अडते, कावीळ दिसली तर लगेच या, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावलं होतं.

"चल, दवाखान्यात."

"उद्या अक्षता पडू देत, मग जाऊ," ती नजर चुकवत पुटपुटली. "हळद लागलेल्या नवरीनं उंबरठा ओलांडू नये."

तिच्या पायात चपला सरकवायला वाकले, तेव्हा मला आठवलं. सकाळी मावश्या तिला बोटभरच हळद लावत होत्या. "अगं, चांगली तोंडभर फासा," असं तीच म्हणाली होती.