लाल दोऱ्याची पिन

"सोनालीच्या खांद्याची पिन तूच लाव, माय. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको," म्हणत उज्ज्वलाने आपली दणकट पितळी पिन आईच्या हातात दिली. ओळखू यावी म्हणून तिला लाल दोरा गुंडाळला होता.

शोभाबाईने ती बांगडीत अडकवली. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या बायकांची तिजोरी म्हणजे बांगडीच.

धाकटी सोनाली आरशासमोरून हलत नव्हती. शेठच्या नव्या साड्यांचा आज शो होता. एकोणीस वर्षांची पोर पहिल्यांदा स्टेजवर जाणार होती.

"ताई, तुझ्यासारखी दिसते का गं मी?"

"माझ्यासारखी कशाला? स्वतःसारखी दिस," म्हणून उज्ज्वला साडीला फॉल लावायला बसली.

सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, शेठच्या प्रत्येक साडीच्या खोक्यावर उज्ज्वला हसत असे. मग अशाच एका शोमध्ये भर स्टेजवर तिचा पदर सुटला आणि दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. समाजाची बैठक बसली, चहा झाला, पोरगी निर्लज्ज ठरली. शेठने तिला खोक्यावरून उतरवले. ती साडी मात्र दिवाळीपर्यंतसुद्धा पुरली नाही. बायका दुकानात 'ती सुटलेली द्या' म्हणूनच मागत.

फोटो शेठच्या फोटोग्राफरने, गजेंद्रने काढला होता. त्याच्याशीच तिचे लग्न ठरले होते.

"रीळ शेठकडे द्यावंच लागतं, उज्ज्वला," तो तेव्हा दारात उभा राहून विनवत होता. "पण बंद पिन आपोआप निघते का, सांग ना!"

शोभाबाईने त्याच्या तोंडावर दार आपटले. लेकीला पोटाशी धरून ती लेकीपेक्षा मोठ्याने रडली. ते दुःख शेठला बघवेना. आठवड्याच्या आत त्याने घरी रंगीत टीव्ही पाठवला. माणुसकी, दुसरे काय!

पुढे लोक सगळे विसरले. टीव्ही अजून चालतो.

दिवेलागणीला दारात टेम्पो थांबला. पुढच्या सीटवरून शोभाबाई उतरली ती छाती बडवतच.

"घात झाला व माय! पोरीचा पदर सुटला, भर स्टेजवर! मेल्यांनी फोटो काढले!"

मागून सोनाली उतरली. अंगाभोवती कुणाची तरी शाल घट्ट ओढून, कुणाकडेही न बघता ती आत गेली.

"आणि पिन?" उज्ज्वलाने विचारले.

"तुटली ना! तुझी पिनच कच्ची. दोन तुकडे होऊन कुठे पडली, दिसलीसुद्धा नाही."

हमालांनी टेम्पोतून फ्रीज उतरवला.

"शेठ देवमाणूस," शोभाबाईने डोळे पुसले. "म्हणाला, पोरीला थंड पाणी तरी मिळू दे."

दार अरुंद होते. फ्रीज चौकटीत अडकला.

"तिरका घ्या रे, तिरका! रंग खरचटेल!" शोभाबाईने हात उंचावून खूण केली. बांगड्या खणखणत कोपराकडे घसरल्या. त्यांच्यात लाल दोऱ्याची पिन लटकत होती. मिटलेली, अख्खी.