दोन अंगठ्यांची वीट

बस थांबली आणि चौतीस माणसं उतरून तडक स्वच्छतागृहाकडे निघाली.

"वीस मिनिटं!" ड्रायव्हर मागून ओरडला. "एकविसाव्याला मी निघालो. राहील तो चालत येईल!"

रस्त्यापलीकडे संग्रहालयाच्या दारात मावशी उभी होती. संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या वीटभट्टीच्या कचेरीची एक खोली, आणि तिथली सगळी माणसं म्हणजे एकटी मावशी. आज बसमधून सहल कंपनीचे साहेब आले होते. लोक इथं रमतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नाही रमले, तर पुढच्या महिन्यापासून बस थांबणार नव्हती. आणि बस थांबली नाही, तर या खोलीत नळाचे पाईप ठेवायचे, हे नगरपालिकेनं आधीच ठरवून टाकलं होतं.

नऊ जण आत आले. दहावे साहेब.

मावशीनं घसा साफ केला. "आपल्या शहराचा पाण्याचा मनोरा, उंची बावीस मीटर. घड्याळाची शाळा, खोल्या चौदा. जुना पूल, कमानी पाच..."

पालिकेच्या पत्रकातला शब्द न् शब्द तिला तोंडपाठ होता, आणि तिथंच घोटाळा होता. एका बाईला जांभई आली, तिचं बघून शेजारणीला आली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. देवा, आता तूच जिभेवर येऊन बस, ती मनात म्हणाली.

देव जिभेवर काही बसला नाही. त्यानं बाहेर निघालेल्या काठीवाल्या आजोबांना दारात अडखळवलं.

"अहो, दारात वीट कसली ठेवलीय? माणूस पडून मरायचा!"

"वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून लावलीय, बाबा. लागलं का कुठं?"

"लागलं नाही, पण लागलं असतं!" आजोबांनी तणतणत वीट उचलली, आणि डोळ्यांजवळ नेली. "हे काय? हिच्यावर कुणाची बोटं उमटलीयत?"

"ती राहू द्या. यादीतल्या विटा तिकडे, कपाटात आहेत. ही बाद झालेली."

"बाद का?"

यादीबाहेरचं बोलू नये, असा पालिकेचा नियम होता. मावशीनं साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. कुलूप लागायचं ते लागणारच आहे, तिला वाटलं.

"दोन अंगठे आहेत म्हणून," ती म्हणाली. "आमच्या भट्टीत विटा बायका थापायच्या. साचा उचलला की वीट ओली असतानाच तिच्या कडेला अंगठा दाबायचा. वीट तडकली की मुकादम अंगठा बघून त्या बाईला हाक मारणार. सहीच म्हणा ना! लिहिता एकीलाही येत नव्हतं, पण सही प्रत्येक विटेवर. एका विटेला एक अंगठा, हा कायदा. आता ही थापली त्या दिवशी काय झालं, ऐका. थापणारीच्या कडेवर दीड वर्षाची पोर. आईनं अंगठा दाबला, पोरीनं बघितलं. आई पुढच्या विटेकडे वळते न वळते, तोच पोरीनं वाकून आपलाही दाबला!"

जांभईवाली बाई हसली. मावशीच्या आवाजाला आता चाल लागली होती.

"वीट भाजून आली. मुकादम म्हणाला, ही कुणाची धरू? फेकून दे. बाईनं मान डोलावली, टोपलीत घातली आणि घरी घेऊन आली."

"कोण हो ती?" आजोबांनी विचारलं.

"माझी आई. आणि ती कारटी मी."

जांभईवाल्या बाईनं हात पुढं केला, मग भिंतीवरची 'हात लावू नये' ही पाटी बघून मागं घेतला.

"लावा हो," मावशी म्हणाली. "हातानंच झालीय ती."

बाईनं मोठ्या ठशात आपला अंगठा ठेवला. अगदी बसला. तिनं तो बराच वेळ काढला नाही. वीट या हातातून त्या हातात गेली.

"अशा अजून कुठं असतील?" शेजारणीनं विचारलं.

"कुठं म्हणजे? हा समोरचा मनोरा, शाळा, पूल, सगळं भट्टीतल्या बायकांच्याच हातचं. गिलावा कुठंच नाही. भिंतीजवळ जाऊन तर बघा, एकशे दहा बायका उभ्या आहेत."

आधी जांभईवाली निघाली, मग तिची शेजारीण. आजोबा काठी काखेत मारून त्यांच्या पुढं गेले. रस्त्यापलीकडे हात धुऊन उभ्या असलेल्यांना कुणीतरी हाक मारली, "अहो, इकडे या, इकडे!" बघता बघता शाळेची भिंत माणसांनी भरली. नवरा-बायको एकाच विटेवरून भांडू लागले. मनोऱ्याच्या बुंध्याशी आजोबा ओरडत होते, "ही डावखुरी होती! पैजेवर सांगतो, डावखुरी!"

बसचा हॉर्न वाजला. कुणी वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा जरा रागानं वाजला, मग थांबला.

खोलीत साहेब एकटेच उरले होते. त्यांनी कागदावरचं मघाचं लिहिलेलं आडव्या रेघेनं खोडलं.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून इथं किती वेळ धरू?"

"आधी आहेत ते गोळा तर करा, साहेब."

साहेब बसकडे धावले. बस दार उघडं टाकून उभी होती, आत चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हर पुलाच्या पहिल्या कमानीखाली उकिडवा बसला होता. त्याचा अंगठा खालून तिसऱ्या थरावर, एकेका विटेवरून पुढं सरकत होता.

"निघू हो, साहेब," तो मान न वळवता म्हणाला. "एवढा एक थर होऊ द्या."